पान सत्तेचाळीस, सूचना तिसरी

भोसरीच्या कारखान्यात भट्टी आली जर्मनीहून,
सोबत दोनशे पानांचं माहितीपुस्तक.
ते मराठीत आणायचं काम माझ्याकडे,
शब्दाला सव्वादोन रुपये.

सत्तेचाळिसाव्या पानावर मी अडले.
सूचना तिसरी. पहिलाच शब्द: गास.
परिभाषा कोश म्हणतो, वायू.
कोशाचं चुकत नाही.
कोश कधी स्वयंपाक करत नाही.

वायू म्हटलं की मला
हसबनीस बाईंच्या परीक्षानळीतला बुडबुडा दिसतो,
नाहीतर मारुतीचे वडील.
घरात कुणी ओरडत नाही,
अगं, वायू बंद केलास का?

घरात गॅस असतो.
तो नेमका पाहुणे आल्यावर संपतो,
तीन शिट्ट्या झाल्या की बारीक होतो,
सासऱ्यांच्या पोटात हरभऱ्याच्या डाळीनं धरतो
आणि ओव्यानं सुटतो.
निकालाच्या आदल्या रात्री
माझा अख्खा पुतण्या गॅसवर होता,
पातेलं न लागता.

हा शब्द म्हणे कुणा फ्लेमिश वैद्यानं घडवला,
चारशे वर्षांपूर्वी, जळत्या कोळशाशी झटताना,
ग्रीकांच्या एका जुन्या शब्दावरून:
सृष्टीच्या आधीचा गोंधळ.
मग तो निघाला, ना सामान ना व्याकरण.
जपानला पोचला, मागे उकार लावून घेतला, गासु.
(हे शेजारच्या टेबलावरची मैथिली फणसळकर सांगते.
ती जपानी करते. शब्दाला साडेतीन.)
फिनलंडच्या थंडीत ग चा क झाला.
अमेरिकेत तर पातळच झाला,
गाडीच्या टाकीत जाऊन बसला.
आणि ग्रीसला परतला तेव्हा
गाझी म्हणवत होता स्वतःला.
आईनं ओळखलं नाही.

इथवर मला मजा वाटत होती.

बुधवारी आमच्या धानोरीच्या सोसायटीत
पाइपलाइन जोडायला रईसभाई आले.
ओट्याखाली वाकलेले, पाना दातात.
गाव कुठलं? भोपाळ.
पुण्यात कधी आलात?
पाना काढून म्हणाले,
गॅसनंतर नऊ वर्षांनी.

जसे माझे वडील म्हणायचे,
पानशेतच्या आधी आपण नदीकाठी राहायचो.
साल नाही, तारीख नाही.
ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे.

मोठी बहीण गॅसच्या आधीची, ते म्हणाले,
मीही आधीचा, सात वर्षांचा होतो.
धाकटा नंतरचा.
अम्मीला गॅस लागला.

लागला.
थंडी लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते.
गॅसच्या पुढे हे क्रियापद
मी कुठल्याच कोशात पाहिलं नव्हतं.
मी चहा ठेवायला वळले
आणि शेगडीपाशी हात थांबला.
अजून जोडायचीय, ते म्हणाले. हसले.

मग साबणाचा फेस सांध्यावर चोपडून
बराच वेळ बघत बसले.
बुडबुडा आला नाही.
तरी पुसून पुन्हा चोपडला.
पुन्हा बसले.

रात्री सत्तेचाळिसावं पान उघडलं.
वायुगळती आढळून आल्यास
असं लिहून ठेवलं होतं, ते खोडलं.
लिहिलं:
गॅसचा वास आला तर
दिवा लावू नका, बटणाला हात लावू नका.
खिडक्या उघडा. बाहेर पडा.
शेजाऱ्यांना उठवा.

मूळ जर्मनमध्ये शेजारी नाहीत.
दोन शब्द जास्तीचे, साडेचार रुपये.
बिलात धरले नाहीत.